दर्भाचा कावळा

कावळा उंबराच्या खालच्या फांदीवर येऊन बसला होता, पण खाली उतरत नव्हता.

मिरजेचा कृष्णाघाट होता आणि आईचा दहावा. पिंड मांडून झाले होते. आईला आवडायचे म्हणून मावशीनं भातावर चार खारे शेंगदाणे ठेवले होते. आम्ही सगळे मागे सरून उभे होतो आणि पायाखालचा दगड तापत चालला होता. कावळा शिवल्याशिवाय कुणाला घरी जाता येत नाही.

गुरुजी म्हणाले, बाईंच्या मनात काहीतरी राहिलं असेल. बोला कुणीतरी.

मग बोलणं सुरू झालं. जे घाटावर उभे राहिलेत त्यांना तो आवाज माहीत असेल. नेहमीपेक्षा जरा मोठा, जरा ओला, आणि नजर फांदीकडे. मावशीनं सांगितलं की तुझ्या लेकीचं माहेर मी तुटू देणार नाही. शेजारच्या काकूंनी तुळशीला रोज पाणी घालायचं कबूल केलं. कावळ्यानं चोच फांदीवर घासली.

मला तो आवाज काढता येईना. घरात बोलावं तसंच मी म्हटलं, "आई, आण्णांना मी पुण्याला घेऊन जाते. त्यांची काळजी करू नकोस."

कावळ्यानं पाठ फिरवली. मागे कुणीतरी उसासा सोडला.

गुरुजींनी उन्हाकडे पाहिलं आणि दर्भाचा कावळा करू का म्हणून विचारलं. खरा कावळा येतच नसेल तर दर्भाच्या काड्यांना पीळ देऊन तसा आकार करतात आणि तो पिंडाला शिववतात. विधी पुरा होतो. फक्त त्या घराबद्दल लोक बरीच वर्षं बोलत राहतात. हे माझ्या मामाला सोसवणारं नव्हतं. हिंदुरावमामाचं जयसिंगपुरात ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं, पंचक्रोशीत मान होता, आणि घाटावर निम्मी माणसं त्याच्या ओळखीची होती. तो पुढे झाला, हात जोडले, आवाज ओला झाला.

"अक्का, दाजींना मी माझ्या घरी नेतो. माझ्या जिवात जीव हाय तोवर त्यांना अंतर देणार नाही. हा माझा शब्द."

कावळा उतरला. इतक्या झपकन, की पुढची दोघं-तिघं दचकून मागे सरली. त्यानं भातात चोच मारली, एक शेंगदाणा उचलला आणि गेला. सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. भावावर जीव होता बाईचा, असं कुणीतरी म्हणालं.

आण्णा, माझे वडील, गुरुजींजवळ गेले. गुरुजी ताम्हन विसळत होते.

"म्हणजे तीच आली ना?" आण्णांनी विचारलं.

"तीच," गुरुजी म्हणाले. "दुसरं कोण येणार?"

आण्णांनी मान हलवली. आई गेल्यापासून आवळून धरलेला त्यांचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा सैल झालेला मी पाहिला.

आण्णा रेल्वेत सिग्नल खात्यात होते. तारा, रिले, दिवे. माणसांच्या बोलण्यातलं त्यांना फक्त बोललेलं ऐकू यायचं. ते कसं बोललं गेलं, हे त्यांच्यापर्यंत पोहोचायचंच नाही. ते मंद नव्हते. उलट त्यांच्या खात्यात अवघड बिघाड झाला की त्यांनाच बोलावत. पण आवाजाचा चढ-उतार त्यांच्या लेखी वाऱ्यासारखा होता. असतो, पण त्याचा काही अर्थ असतो असं त्यांना वाटत नसे.

आईनं यावर तोड काढली होती. तिनं त्यांना काही नियम शिकवले होते. आवाज लांबला आणि गोड झाला, की हसायचं. लोक हसायला लागले, की त्यांचं हसू संपेपर्यंत थांबायचं. कुणी एकदम हळू बोलायला लागलं, की काय झालं म्हणून विचारायचं. आणि जिथं नियम पुरे पडत नसत तिथं ती स्वतः असे. समारंभात ती नेहमी त्यांच्या डाव्या हाताला बसायची. गोड आवाज खरा गोड नसेल तर हातातली बांगडी फिरवायची. बांगडी फिरली की आण्णा उत्तर देत नसत, पाणी पीत.

माझ्या लग्नात नवऱ्याच्या काकांनी पंगतीत मोठ्यानं सांगितलं की मठ्ठा असा झालाय की वेगळं पाणी प्यायची गरजच नाही. आण्णा त्यांना धन्यवाद द्यायला उठणार होते. बांगडी फिरली. आण्णा पाणी प्याले. नंतर त्यांनी आईला विचारलं, मठ्ठा पातळ आहे असं तो सरळ का नाही म्हणाला?

"तसं म्हणाला असता तर भांडण झालं असतं," आई म्हणाली.

"आता झालं नाही?"

"झालं. पण कुणाला दिसलं नाही."

हे सांगताना ती हसत होती. दोघांचा संसार असा चालला.

तेराव्यानंतर मी आण्णांची बॅग भरली. पुण्याला आमची जागा लहान होती, पण माझ्या सासूबाईंनी आपण होऊन खिडकीजवळची कॉट त्यांच्यासाठी रिकामी केली होती. आण्णांनी बॅग हातात घेतली आणि मला जयसिंगपूरच्या गाडीत बसवून दे म्हणाले. मला वाटलं, दोन दिवस राहून येतील. मामालाही तसंच वाटलं असणार.

पावसाळा गेला, दसरा गेला. मी फोन करायचे तेव्हा मामी म्हणायची, राहू देत की, आम्हाला कुठं जड झालेत. हे ती असं म्हणायची की माझा कान भाजायचा. मग आण्णा फोनवर येत आणि सांगत, "चांगलं आहे. वहिनी म्हणतात जड नाही."

दिवाळी झाल्यावर मी जयसिंगपूरला गेले.

दुपारची वेळ होती. व्हरांड्यात मामाचा मुलगा विक्रम आणि त्याचे तीन मित्र खुर्च्या टाकून बसले होते. आण्णा कठड्यावर बसलेले, वाळले होते. मला पाहून ते उठले आणि प्रवास कसा झाला ते विचारलं. मी सांगणार तोवर विक्रम म्हणाला, "ताई, बस. गंमत बघ."

त्यानं आण्णांकडे तोंड केलं. तान्ह्या मुलाशी बोलावं तसा आवाज काढला, लांब आणि गोड.

"आतोबा, तुम्ही कधी मरणार हो?"

आण्णा हसले. नियम तसा होता. मग प्रश्नाचा नीट विचार करून त्यांनी उत्तर दिलं. "ते सांगता येत नाही."

मित्रांनी मांड्यांवर थापा मारल्या.

"बघा की जरा लवकर," त्याच आवाजात विक्रम म्हणाला. "आम्ही पेढे वाटू."

आण्णा पुन्हा हसले. "पेढे वाटत नाहीत. दहावा करतात."

चौघेही हसत सुटले. त्यातल्या एकाला ठसका लागला. आण्णा त्यांचं हसू संपायची वाट बघत थांबले, दुसरा नियम. थांबताना त्यांनी एकदा आपल्या डावीकडे पाहिलं. तिथं कठडा संपत होता आणि पाण्याचा माठ होता.

"रोज नवीन शिकवतोय त्यांना," विक्रम मला म्हणाला. "काहीही बोल, फक्त गोड बोल. हसणार. काल पप्पांचे दोस्त आलेले, त्यांनी तर..."

मी आण्णांना घेऊन आत गेले.

मामीनं त्यांचं ताट मागच्या दारी, धुण्याच्या दगडाशेजारी वाढलं होतं. स्वयंपाकघरात त्यांच्या पायांनी धूळ येते, असं तिनं मला सांगितलं. त्यांना मात्र तिनं सांगितलं होतं की बाहेर वारा छान येतो. वारा येत होता, म्हणून आण्णांना ते पटलं होतं. बसण्याआधी त्यांनी भाकरीचा एक घास मोडला आणि कुंपणाच्या भिंतीवर ठेवला. शेवग्यावरून कावळा उतरला. तो जाईपर्यंत आण्णा ताटाला शिवले नाहीत.

"रोजचं हाय हे," मामी दारातून म्हणाली. "आमच्या घरी आता पाहुण्यांचे पाहुणे पण जेवतात. भाग्य आमचं."

"रोज येतो," आण्णा मला म्हणाले. ते आनंदात होते.

मामी आत गेल्यावर मी त्यांना म्हटलं की आज संध्याकाळच्या गाडीनं आपण पुण्याला जायचं आहे. ते जेवत राहिले.

"नाही येता येणार, वैजू," ते म्हणाले. "तू बोललीस तेव्हा ती आली नाही. हिंदुराव बोलला तेव्हा आली."

मी त्यांच्याजवळ बसले. मग म्हटलं, "आण्णा, ही माणसं तुमची चेष्टा करतात."

"माहीत आहे."

"कसं माहीत?"

"मी हसण्यासारखं काही बोललेलो नसतो तेव्हाही ती हसतात." त्यांनी आमटीत भाकरी कुस्करली. "वहिनी गोड बोलतात तेव्हा ताट आपटतात. दोन्ही एकदम कसं, हे तुझ्या आईला विचारलं असतं. पण त्याचं काही नाही. हिंदुरावानं तिला शब्द दिला, तो तिनं ऐकला, म्हणून ती आली. मी निघून गेलो तर तिनं ऐकलं ते खोटं होईल."

त्यांनी ताट पुसून घेतलं आणि स्वतःच दगडावर विसळलं.

मामा चहाच्या वेळेला दुकानातून आला. मी त्याला सांगितलं की आण्णांना न्यायला आले आहे. मामीच्या हातातली बशी क्षणभर थांबली. तिला आनंद लपवता आला नाही. पण विक्रमचे मित्र अजून व्हरांड्यात होते, दार उघडं होतं, आणि मामा आवाज चढवून म्हणाला, "का गं? आम्ही काय उपाशी ठेवलंय होय? राहू देत की. जन्मभर राहू देत. घर त्यांचंच हाय."

"बघ," आण्णा मला म्हणाले. "राहू दे म्हणाला."

"होय होय, राहा," मामी म्हणाली. "लागलं तर आम्ही झोपू व्हरांड्यात."

आण्णांनी यावर विचार केला. "तुम्ही व्हरांड्यात झोपू नका वहिनी. तिथं डास आहेत. मी तिथंच झोपतो ना."

बाहेर कुणीतरी फिसकन हसलं. मामी आत गेली आणि भांडी आपटल्याचा आवाज आला. मामा हसला नाही. त्याच्या कपाळावरची शीर उठली होती. मी आण्णांची बॅग कुठे आहे ते विचारलं. तेव्हा आण्णांनी मला हातानं थांबवलं आणि खुर्ची मामाच्या समोर ओढून घेतली.

"हिंदुराव, तू सांग. मी राहू का?"

"राहा की."

"नीट सांग. वैजूच्या तोंडावरून दिसतंय की तुझ्या मनात नाही. मला आवाजातलं कळत नाही, तुला ठाऊक आहे. तू शब्दांत सांग. राहू का?"

मामानं दाराकडे पाहिलं. मग माझ्याकडे, मग कपाकडे. आयुष्यभर या माणसानं कुणालाही नाही म्हटलं नव्हतं. हो असं म्हणायचा की समोरचा उठून जायचा. इथं ते चालत नव्हतं. तो बोलला तेव्हा त्याच्या आवाजात काहीच उरलं नव्हतं. चढ नाही, उतार नाही.

"नाही. नका राहू, दाजी."

आण्णांनी मान हलवली. "पण घाटावर..."

"घाटावर बोललो ते कावळा शिवावा म्हणून. चार माणसं होती, ऊन तापलं होतं. अक्काला दर्भाचा कावळा शिववला असता तर मला गावात तोंड दाखवायला जागा नव्हती. तिथं सगळेच बोलतात. ते काय पाळायचं नसतं."

"नसतं?"

"नसतं."

"म्हणजे ते खोटं होतं."

"खोटं म्हणजे, तशी रीत असते दाजी."

"खोटं होतं का?"

"होय," मामा म्हणाला. "खोटं होतं."

मला वाटलं, संपलं. आता ते उठतील. पण आण्णा उठले नाहीत. बिघाड शोधताना ते तारेचं एक टोक धरून सावकाश पुढे जायचे, तसे ते बसून होते.

"मग ती का आली?" त्यांनी विचारलं.

"कोण?"

"कुमुद."

उत्तर विक्रमनं दिलं. तो दारात येऊन उभा होता आणि या वेळी त्यानं आवाज गोड केला नाही.

"कावळा होता हो तो. भूक लागली, आला."

"गुरुजी म्हणाले, तीच."

"गुरुजींना पुढचा दहावा गाठायचा होता."

"विक्रम," मी म्हटलं.

"तिला आवाज कळायचा," आण्णा मामाकडेच बघत म्हणाले. "भरल्या मांडवात कळायचा. कोण खरं बोलतंय, कोण नाही. वैजू खरं बोलली, तेव्हा ती आली नाही. तू खोटं बोललास, तेव्हा आली. ती असती तर उलटं व्हायला पाहिजे होतं."

आत गॅसवर दूध वर येत असल्याचा वास आला, पण स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिलेली मामी जागची हलली नाही.

"म्हणजे ती तिथं नव्हती," आण्णा म्हणाले.

"दाजी, असं कसं..." मामाचा आवाज आता खराच ओला झाला होता. त्यानं हात पुढे केला. पण घाटावरचा ओला आवाज आणि हा, यांत आण्णांना काय फरक कळणार होता?

"नाही, तू नीट सांगितलंस," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. टोमणा मारणं त्यांना कधी जमलंच नाही. "आधी सांगितलं असतंस तर मी भिंतीवर घास ठेवत बसलो नसतो."

त्यांनी व्हरांड्यात जाऊन आपल्या अंथरुणाची घडी केली, उशी वर ठेवली, मोरीतून दाढीचं सामान आणलं. विक्रमचे मित्र निघून गेले होते. निघताना आण्णा स्वयंपाकघराच्या दाराशी थांबले आणि मामीला म्हणाले की तुमच्या भाकऱ्या चांगल्या असायच्या. मामी त्यांच्याकडे बघत राहिली. त्या वाक्यात काय दडलंय ते शोधत होती ती. शोधूनही तिला काही सापडलं नाही. नंतर मावशीकडे तिनं तक्रार केली म्हणे, की जाताना म्हातारा मनाला लागेल असं बोलून गेला.

जयसिंगपूरच्या स्टँडवर मी भजी घेतली. कठड्यावर एक कावळा येऊन बसला, अगदी हाताच्या अंतरावर, आणि मान वाकडी करून पुडीकडे बघू लागला. आण्णांनीही त्याच्याकडे पाहिलं. एरवी एखाद्या यंत्राकडे पाहायचे तसं, लक्षपूर्वक. मग सगळी भजी खाल्ली आणि कागदाची घडी करून खिशात ठेवली.

माझ्या घरी ते बरीच वर्षं राहिले. सासूबाईंशी त्यांचं जमलं; त्या बहिऱ्या होत्या आणि मोजकं बोलायच्या. गॅलरीत कावळे यायचे. आण्णांनी एकदाही घास ठेवला नाही. पितृपक्षात मी आईचं पान मांडायचे तेव्हा ते आडकाठी करत नसत. बाजूला बसून पेपर वाचत. एकदा मी त्यांना म्हटलं, पानाला नमस्कार करा. त्यांनी केला आणि विचारलं, "कुणाला?"

आण्णांना जाऊन आता दोन महिने झाले.

दहावा पुण्यातच केला, नदीवर. मामा आला होता. हातात काठी, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. जयसिंगपूरहून एकटा आला होता. पिंड मांडून झाले. समोरच्या पत्र्यावर तीन-चार कावळे बसलेलेच होते, गर्दीला सरावलेले. गुरुजी आम्हाला म्हणाले, मागे सरा, येतील आत्ता. आम्ही सरलो. कावळे पत्र्यावरच राहिले.

मामानं घसा साफ केला. काठी काखेत धरून तो हात जोडायला लागला.

"गुरुजी," मी म्हटलं, "दर्भाचा करा."

ते म्हणाले, अहो ताई, कावळे समोर आहेत, एवढी कसली घाई, थोडं थांबू, कुणीतरी बोला.

"नको. कुणी बोलू नका."

त्यांनी मामाकडे पाहिलं, मामानं माझ्याकडे. मग गुरुजींनी खाली बसून दर्भाच्या काड्या घेतल्या, पीळ दिला, एक टोक चोचीसारखं वाकवलं आणि ते भाताला लावलं. पत्र्यावरचे कावळे बघत होते.

पायऱ्या चढताना मामानं माझा दंड धरला. त्याला दम लागला होता.

"लोक काय म्हणतील, वैजू," तो म्हणाला. "दाजींना कावळा शिवला नाही."

हे तो कोणत्या आवाजात म्हणाला, तिकडे मी लक्ष दिलं नाही.

"हो," मी म्हटलं. "नाही शिवला."